कॅमेऱ्याची वर्गणी आणि सहा लाख एक्याऐंशी हजार कोटी

कंपूकर (धागाकर्ता)

मंडळी, एक सल्ला हवाय आणि एक भांडण उकरून काढायचंय. दोन्ही एकाच धाग्यात उरकतो.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या गल्लीत रहिवासी समितीने सहा कॅमेरे बसवायचं ठरवलंय. घरटी दोन हजार रुपये. पहलगाम झालं, मग ७ मेला ब्लॅकआउटचा सराव झाला, भोंगे वाजले, आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येकाच्या अंगात फौजी संचारलाय. चिटणीसांनी ग्रुपवर लिहिलं, 'देशासाठी एवढं तरी करूच शकतो.' मी साळसूदपणे विचारलं की देशासाठी कर भरतो, तो कुठे जातो? त्यावर बऱ्याच जणांनी तिरंगा टाकला, उत्तर कोणी टाकलं नाही.

म्हणून स्वतःच अर्थसंकल्प उघडून बसलो. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी, गृह मंत्रालयाला २.३३ लाख कोटी. मिळून नऊ लाख कोटींच्या वर. केंद्राचं शिक्षण १.२८ लाख कोटी, आरोग्य जेमतेम १ लाख कोटी. एवढं मोजूनही गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा मीच विकत घ्यायचा असेल, तर हे नऊ लाख कोटी मला नेमकं कशापासून वाचवतात? मध्यंतरी एका मोठ्या स्टेशनात शिरलो. दारात धातुशोधक चौकट, प्रत्येक माणसागणिक टुंई करून वाजते, बाजूला खुर्ची, खुर्चीवर कोणी नाही. त्या चौकटीला कोण घाबरत असेल?

वर्गणी द्यावी का, हा सल्ला. बाकीचं भांडण.

चिवडासम्राट

भांडण नंतर. कॅमेरे लावणारा चिटणीसांचा कोण लागतो ते आधी सांगा.

कंपूकर

भाचा.

चिवडासम्राट

मग देशासाठी एवढं तरी कराच.

मुरारचे नाना

कंपूकर, राग कळतो, पण तुम्ही दोन वेगळे हिशोब एकत्र केलेत. मी वायुसेनेत जमिनीवरचा माणूस होतो. विमान उडवणारा नव्हे, उडण्यालायक ठेवणारा. निवृत्त झाल्यावर मुरारलाच राहिलो.

६.८१ लाख कोटींतले १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी परत करणार नाही. नवीन खरेदीला, म्हणजे भांडवली खर्चाला, १.८० लाख कोटी. उरलेलं बहुतेक पगार, रेशन, इंधन, सुटे भाग, दारूगोळा. यातला एक रुपयाही तुमच्या गल्लीतल्या संशयिताला पकडण्यासाठी नाही. ते चीन आणि पाकिस्तानच्या सीमांसाठी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतच भरतं.

'मग दहशतवादाशी त्याचा संबंध काय' असं विचाराल. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटला गेलेली मिराज आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरूनच उडाली होती. जून १९९९ मध्ये टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले तेही मिराजनीच. ही विमानं १९८५ पासून ग्वाल्हेरला आहेत. फ्रान्सने त्यांचं उत्पादन कधीच बंद केलं. इतकं जुनं विमान उडतं ठेवणं काय असतं ते बाहेरून कळत नाही. जूनच्या दुपारी पंखाला उघडा हात लागला तर कातडी सोलते. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा असतो. काम संपलं की प्रत्येक पाना आपापल्या खाच्यात दिसला पाहिजे. एक खाचा रिकामा दिसला की विमान जागचं हलत नाही, मग रात्र झाली तरी चालेल, पण पाना सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. असल्या गोष्टींवर पैसा जातो. तो बातमीत दिसत नाही.

पलीकडून माणसं पाठवणाऱ्याला ते महागात पडेल हे दाखवायला ही ताकद लागते. कॅमेऱ्याने ते काम होत नाही.

तर्कटराव

नाना, आदर आहे, पण 'महागात पडेल' याचा पुरावा? २०१६ ला उरी, मग सर्जिकल स्ट्राइक. २०१९ ला पुलवामा, मग बालाकोट. २०२५ ला पहलगाम. हल्ला झाला नाही तर खर्चामुळे झाला नाही, आणि झाला तर खर्च कमी पडला. आमच्या आजीने दाराला लिंबू-मिरची बांधली होती आणि माधवगंजात एकदाही वाघ शिरला नाही.

मुरारचे नाना

तर्कटराव, यादीत न घडलेलंही मोजा. २००५ ते २००८ आठवा. दिल्ली, वाराणसी, मुंबईच्या लोकल, हैदराबाद, जयपूर, बंगळूर, अहमदाबाद. दर थोड्या महिन्यांनी एक शहर. ती मालिका २००८ नंतर विरळ होत गेली, आणि २०१३ नंतर मोठ्या शहरांत तशी झालेली नाही. आजीला विचारून सांगा हे कोणत्या लिंबाने झालं.

अवनी दौलतगंज

मालिका थांबली हे नानांचं म्हणणं मान्य. पण ती मिराजने थांबवली का? त्या स्फोटांतले बरेचसे लोक इथेच भाड्याच्या खोल्यांत राहत होते. त्यांच्यावर विमान कुठून पाठवणार?

२६ नोव्हेंबर २००८ नंतर काय बदललं ते बघा. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला लागू झाला. गुप्तचर माहिती एकत्र करणारं केंद्र कारगिलनंतर, २००१ मध्ये कागदावर आलं होतं, ते खऱ्या अर्थाने कामाला लागलं. एनएसजीचे कमांडो तोवर फक्त मानेसरला. त्या रात्री त्यांना न्यायला विमान चंदिगडहून यायचं होतं, ताजपर्यंत पोचेस्तोवर सकाळ झाली. त्यानंतर मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला त्यांची केंद्रं उघडली. विमानं आणि पाणबुड्यांच्या मानाने हे सगळं किरकोळ पैशांत झालं.

आता गृह मंत्रालयाचे २.३३ लाख कोटी फोडून बघू. ४१ हजार कोटी जम्मू-काश्मीरचं अनुदान, म्हणजे तिथला रस्ता, शाळा, पगार सगळं त्यात. दिल्ली पोलिसांना सुमारे १२ हजार कोटी. सीआरपीएफला ३५ हजार, बीएसएफला २८ हजार, सीआयएसएफला १६ हजार. आणि गुप्तचर विभागाला? चार हजार कोटींच्या आत. बंदूक घेऊन उभं राहणाऱ्याला आपण पैसे देतो, कान लावून बसणाऱ्याला देताना हात आखडतो.

खरी मेख याच्याही खाली आहे. पोलीस हा राज्याचा विषय. १ जानेवारी २०२० ला देशभरात पोलिसांची ५.३१ लाख पदं रिकामी होती, मंजूर २६ लाखांपैकी. म्हणजे पाचातला एक माणूस कागदावरच. पोलीस आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२२ मध्ये २६,२७५ कोटी मंजूर केले, तेही पाच वर्षांसाठी आणि सगळ्या राज्यांत मिळून. ३६ राफेलचा २०१६ चा करार साधारण ५९ हजार कोटींचा होता. राफेल नको असं मी म्हणत नाहीये, नाना, आधीच सांगते.

मुरारचे नाना

म्हणून टाका, मी ऐकायला बसलोय :)

धागा_पहारेकरी (व्यवस्थापन)

चर्चा छान चाललीय. कृपया पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं आणू नका. एक प्रतिसाद काढून टाकला आहे, ज्यांचा होता त्यांना माहीत आहे.

टेकनपूरची पोर

माझं बालपण टेकनपूरच्या बीएसएफ अकादमीत गेलं, वडील तिथे होते. धागाकर्त्यांच्या वाजणाऱ्या चौकटीवरून आठवलं म्हणून लिहिते.

तिथे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातल्या कितीतरी पोलीस दलांचे कुत्रे तिथे शिकून जातात. लहानपणी कुंपणाबाहेरून आम्ही तासन्‌तास बघायचो. ओळीने लाकडी खोकी, एकात स्फोटकाचा वास. कुत्रा हुंगत जातो, शेपटी हलत असते, आणि बरोबर खोक्यापाशी आला की एकदम खाली बसतो. भुंकत नाही, पंजा मारत नाही, नुसता बसतो आणि हँडलरच्या तोंडाकडे बघतो. स्फोटकावर झडप घालणारा कुत्रा काय कामाचा. मग हँडलर खिशातून चेंडू काढतो. एवढ्याच पगारावर तो आयुष्यभर काम करतो.

सांगायचं हे की कुत्रा आणि त्याचा माणूस ही जोडी असते. दोघं एकत्र शिकतात, एकमेकांची चाल ओळखतात. वडील म्हणायचे, कुत्रा कुठूनही आणता येतो, त्याची बसण्याच्या आधीची घुटमळ ओळखणारा माणूस आणता येत नाही. आता एखाद्या दलाने कुत्रा मागवला आणि सहा महिन्यांत हँडलरची बदली केली, तर कागदावर 'श्वानपथक उपलब्ध' असंच राहतं. स्टेशनातल्या चौकटीचं तेच झालंय. चौकट खरेदीच्या यादीत बसते, खुर्चीवरच्या माणसाचं पद भरलं गेलं नसेल.

अवांतर: टेकनपूरलाच अश्रुधुराच्या नळकांड्यांचा कारखाना आहे, १९७६ पासूनचा. वारा फिरला की सगळी वसाहत एकत्र रडायची.

चिवडासम्राट

कुत्र्याला निवृत्तिवेतन लागू आहे का? नानांच्या १.६० लाख कोटींत बघा जरा.

न्यूजर्सीचा गोपाळ

मूळचा नया बाजारचा, आता इथे. तुमच्या चौकटीला कोणी बघत नाही म्हणून हळहळू नका. इथे बघायला माणसं ठेवली, तीही भरपूर. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळांसाठी वेगळं खातंच काढलं, टीएसए. बूट काढा (हे २०२५ पर्यंत), पट्टा काढा, लॅपटॉप काढा, आईचं लोणचं फेका. २०१५ मध्ये सरकारच्याच माणसांनी लपवलेली हत्यारं आणि नकली स्फोटकं घेऊन चाचणी केल्याची बातमी फुटली. ७० पैकी ६७ वेळा आत गेले. खात्याच्या प्रमुखाची उचलबांगडी झाली. लोणचं मात्र अजून सापडतं.

तर्कटराव

लोणच्याचा वास येतो हो, स्फोटकाचा येत नाही. टेकनपूरहून कुत्रा मागवा.

सुमनकाकू जनकगंज

सगळे आकडे वाचले. मला लाख कोटीत किती शून्यं असतात ते कळत नाही, पण एक अनुभव सांगते.

वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. मुलगा इथे परीक्षेच्या तयारीला आलेला, बाहेरगावचा. किरायेदाराची पडताळणी सक्तीची म्हणून एका ठाण्यात गेले. फॉर्म, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, गावचा पत्ता. मुंशीने फॉर्म घेतला, न वाचता शिक्का मारला, पोच दिली आणि मागे टेबलाखाली ठेवला. टेबलाखाली फॉर्मांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, त्याच्या खाली आणखी एक. मी विचारलं, याची चौकशी होणार का? तो म्हणाला, 'माताजी, करेगा कौन? तीन आरक्षक (शिपाई) वीआयपी ड्यूटी पे हैं, एक कोर्ट गया है, एक मैं हूँ.' उर्मट नव्हता हो. बिचाऱ्याने पाणीसुद्धा विचारलं.

आमच्या लहानपणी बीटचा शिपाई गल्लीत यायचा. कोणाकडे पाहुणा आलाय, कोणाचा मुलगा वाया चाललाय, त्याला सगळं ठाऊक. आता मला माझ्या बीटवाल्याचं नावही माहीत नाही आणि त्याला माझं नाही. माझ्या किरायेदाराचं तर मुळीच नाही. मुलगा चांगला निघाला ते आमचं नशीब. त्याच्या आईने मुरैन्याची गजक पाठवली.

अवनी दौलतगंज

काकू, मी एवढे आकडे टाकले त्यापेक्षा तुमचा तो सुतळीचा गठ्ठा जास्त बोलतो. त्या गठ्ठ्यावर खर्च करायला कोणतीही योजना तयार नसते, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही. नियंत्रण कक्षाच्या मोठ्या पडद्यापुढे फीत कापता येते.

रायगडकर पाहुणा

ग्वाल्हेरचा नाही, बायकोचं माहेर तिथलं, म्हणून डोकावतो. समुद्राकडची एक बाजू सांगतो.

१९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स आमच्या जिल्ह्यात उतरलं, शेखाडीला. तेव्हा किनाऱ्यावर कोणी नव्हतं असं नाही. सीमाशुल्क होतं, पोलीस होते. पैसे खाऊन माल सोडला, आणि त्यासाठी अधिकाऱ्यांना न्यायालयात शिक्षाही झाल्या. म्हणजे पहारा होता, पगार चालू होता, आणि पहाराच विकला गेला. सुरक्षेच्या खर्चावर बोलताना हे खातं कुठे मांडायचं?

मग २००५ मध्ये किनारा सुरक्षेची योजना आली. बोटी, ठाणी, सगळं. तरी २००८ ला दहा जण बोटीने आले आणि कुलाब्याला कोळीवाड्यात उतरले. ते उतरताना मच्छीमारांनीच हटकलं होतं, कोण रे तुम्ही म्हणून. पुढे दुसरा टप्पा आला, आणखी बोटी आल्या. आमच्याकडच्या एका ठाण्याची बोट मी बरेच दिवस जेटीला बांधलेली बघायचो. बोट झकास, पिवळी-निळी. चालवणारा तांडेल कंत्राटी, त्याचं कंत्राट संपलेलं, आणि डिझेलचा कोटा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच संपायचा. बोट केंद्राने दिली, डिझेल राज्याने घालायचं. यात कोणी खलनायक नाही. दोन वेगळ्या वह्या आहेत, बस.

मुरारचे नाना

रायगडकर, हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे विमान घेतानाच पुढच्या वर्षांचे सुटे भाग, प्रशिक्षण, दुरुस्तीची सोय यांचा करार सोबत करतात, म्हणून किंमत ऐकून लोक डोळे पांढरे करतात. तो डिझेलचा खर्च आधीच मांडलेला असतो. पोलिसांकडे वस्तू येते, मागची सोय येत नाही.

तर्कटराव

म्हणजे नाना आणि अवनीताई एकाच बाजूला आले? धाग्याला हा धोका कोणत्या अर्थसंकल्पात धरलाय?

मुरारचे नाना

एका बाजूला नाही आलो. पैसा इकडून काढून तिकडे द्या असं ती सुचवेल तर मी विरोधातच आहे. सीमेवर कमी पडलं तर ठाण्यात कितीही माणसं भरा, काही उपयोग नाही.

अवनी दौलतगंज

काढून द्या असं मी म्हटलंच नाही नाना. पण दरवर्षी वाढ मिळते, ती कोणाला किती मिळते एवढं तरी विचारायचं की नाही? श्रीलंकेचं बघा. २०१९ च्या ईस्टरला चर्चमध्ये आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. आपल्या यंत्रणांनी त्यांना आधी इशारा दिला होता. माहिती हातात होती, फुकट मिळालेली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ती वेळेत गेली नाही. त्यासाठी कोणतं शस्त्र विकत घ्यायचं?

मोरेनाकर

मी जरा वेगळं बोलतो, सगळे पैसे 'कशावर' ते मोजताय, 'कोणाला' ते कोणी मोजत नाही.

आमच्या भागात, भिंड-मुरैन्याकडे, पहाटे चारला रस्त्यावर गाडी घेऊन निघा. कडेने मुलं पळत असतात, थंडीत सुद्धा, काही तर अनवाणी. तुमच्यासाठी संरक्षण खर्च म्हणजे कर, आमच्या गावासाठी तो पगार आहे. पक्की घरं ज्यांची आहेत त्यातली निम्मी फौजेच्या पैशाने उभी राहिली. जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली तेव्हा बिर्लानगर स्टेशनावर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं. तोडफोड चूकच, पण राग कुठला होता ते समजून घ्या. चार वर्षं नोकरी, शेवटी साधारण पावणेबारा लाख, आणि चारातला एकच पुढे कायम. का? कारण नाना म्हणाले तो १.६० लाख कोटींचा आकडा. सरकारला तो खाली आणायचाय. बंदुका घ्यायला पैसे उरावेत म्हणून माणसाचं निवृत्तिवेतन वाचवायचं. हिशोब म्हणून बरोबर असेलही. माझा चुलतभाऊ अग्निवीर आहे, त्याला विचारलं तर तो म्हणतो, 'चार वर्षांनी मी कोण?' उरलेल्या तिघांना ठाण्यातल्या रिकाम्या जागांवर सरसकट घ्या ना. अवनीताईंची ५.३१ लाख पदं भरतील.

मुरारचे नाना

बाळा, निमलष्करी दलांत आणि काही राज्यांच्या पोलिसांत अग्निवीरांना राखीव जागा आहेत. पण तुझा प्रश्न टाळणार नाही. मी पंचविशी पार करेपर्यंत मला विमानाची भाषा कळायला लागली होती. चार वर्षांत माणूस पाना कुठल्या खाच्यात ठेवायचा ते शिकतो, पाना का ठेवायचा ते शिकायला जास्त लागतात. योजना आणणाऱ्यांचं म्हणणं सेना तरुण राहील, तेही खोटं नाही. माझं मन मात्र मानत नाही.

डासमारे

सगळे इतके गंभीर झालात म्हणून सांगतो. आपल्या गावातली डीआरडीई ही प्रयोगशाळा रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचावावर काम करते. तोंडावरचे मुखवटे, विषारी वायू ओळखण्याचे संच, सगळं राष्ट्रीय सुरक्षेचं. तिथेच जवानांसाठी डास पळवणारं औषध शोधलं, डीईपीए. तेव्हा संरक्षणाच्या पैशातून सामान्य माणसाला काय मिळतं या प्रश्नाचं उत्तर म्हणजे रात्रीची झोप.

सुमनकाकू जनकगंज

झोप त्यांना मिळायची ज्यांचं घर प्रयोगशाळेच्या दोनशे मीटरच्या आत नव्हतं. आमच्या नात्यातल्या एकांचं होतं. सुरक्षेसाठी बांधकाम पाडणार म्हणून वर्षानुवर्षं टांगती तलवार. सुरक्षेची ही किंमत कोणत्याच मंत्रालयाच्या खात्यात नसते.

चिवडासम्राट

काकू आज फॉर्मात आहेत.

गिरगावची लेक (सासर ग्वाल्हेर)

ओंबळेंचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटतं. माझं माहेर गिरगाव चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री नाकाबंदीत तुकाराम ओंबळे उभे होते, हातात लाठी. समोर एके-४७. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला आणि म्हणून कट कुठे शिजला ते जगापुढे आलं. अशोकचक्र मिळालं. आमच्याकडे दरवर्षी त्यांच्या पुतळ्याला हार घालतात. पण दरवर्षी मला एकच वाटतं, त्या नाकाबंदीत लाठी का होती? शौर्याचं कौतुक करताना या प्रश्नावर आपण पांघरूण घालतो.

अवनी दौलतगंज

हा प्रतिसाद वाचून पुढे काही लिहवेना. पण एक लिहिते. नाकाबंदी लागली, तिथे माणसं हजर होती, वायरलेसवर गाडीचं वर्णन पोचलं होतं. यंत्रणेचा एवढा भाग चालला. लाठी हा न चाललेला भाग.

कंपूकर

मंडळी, सभा झाली. तुमच्या धाग्यावरून प्रश्न उचलून नेले. वर्गणी द्यायला माझी ना नाही म्हटलं, फक्त सांगा, चित्रण किती दिवस साठणार, बघणार कोण, बिघडल्यावर दुरुस्तीला वर्षाचे किती, आणि विजेचं बिल कोणाच्या मीटरवर. पहिल्या प्रश्नाला भाच्याने उत्तर दिलं, पंधरा दिवस. दुसऱ्याला चिटणीस म्हणाले, ठाण्यात दिसेल. मी विचारलं, ठाण्यात बघायला कोण बसेल? कोणाला माहीत नव्हतं. चौथ्या प्रश्नाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सभा पुढच्या रविवारवर गेली.

चिटणीसांनी नंतर वेगळं गाठून सांगितलं, 'तुम्ही फार सरकारी प्रश्न विचारता.' दोन हजार देऊन टाकले. सुमनकाकूंचं मात्र डोक्यातून जात नाही. आपल्या ठाण्यात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे कुठे कळेल?

तर्कटराव

माहितीच्या अधिकारात विचारा. सुरक्षेचं कारण सांगून टाळतील म्हणा.

अवनी दौलतगंज

टाळता येणार नाही. सूट गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना आहे, ठाण्याच्या मंजूर पदांना नाही. पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, शुल्क १० रुपये. एवढंच विचारा: निरीक्षकापासून आरक्षकापर्यंत मंजूर पदं, भरलेली पदं, आणि गेल्या वर्षी त्यातले किती जण ठाण्याबाहेरच्या ड्यूटीवर होते. तिसरा मुद्दा विसरू नका, खरी गंमत तिथे आहे. मसुदा मी हिंदीत करून देते, सह्या दोघातिघांच्या वेगवेगळ्या अर्जांवर घ्या.

सुमनकाकू जनकगंज

माझी एक सही धरा. जनकगंजचं पण विचारा. त्या मुंशीला त्रास होईल असं काही लिहू नका.

मुरारचे नाना

मुरारचा अर्ज माझा.

तर्कटराव

रिकाम्या जागांवर पैज? मी म्हणतो पाव हिस्सा.

मुरारचे नाना

बाहेरच्या ड्यूटीवरचे धरून निम्म्या. हरलो तर बहादुराच्या दुकानचे लाडू माझ्याकडून, आणि तुम्ही हरलात तर आजीची लिंबू-मिरची काढायची.